अंडे वांझ की फलित? आधी तपासा, मग विका

शौकाच्या पक्ष्यांचा जोडधंदा करावा असे आपल्या समाजातील बऱ्याच कारागीर बंधूंच्या मनात असते. मुंब्रा, राबोडी, भिवंडी, कल्याणचा जुना भाग किंवा शहापूर-मुरबाडकडची गावे, जिथे घरामागे थोडी मोकळी जागा आहे तिथे चार-दोन कोंबड्या असतातच. यंत्रमागाचे काम मंदावले किंवा शिलाईची ऑर्डर लांबली की घरातील बायका अंडी विकून भाजीपाल्याचा खर्च काढतात. अशा घरांतूनच पुढचा प्रश्न येतो. मोराची अंडी मिळतील का? टर्कीची जोडी ठेवली तर परवडेल का? उबवणीची अंडी विकत आणली, त्यातली निम्मी वाया का गेली?

या तिन्ही प्रश्नांचे मूळ एक आहे. अंड्यातून पिलू निघेल की नाही हे नशिबावर सोडण्याची आपल्याला सवय झाली आहे. वास्तविक अंड्याचे भवितव्य बऱ्याच अंशी ते कोंबडीखाली जाण्यापूर्वीच ठरलेले असते आणि ते सातव्या दिवशी डोळ्यांनी पाहताही येते. ज्याला हे पाहता येते तो नुकसानीचे कारण शोधू शकतो आणि खरिदाराला खरे सांगू शकतो. या लेखात आम्ही हाच हिशेब मांडणार आहोत.

मोराविषयी आधी कायदा

मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. त्यामुळे मोर पकडणे, खाजगीरीत्या पाळणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो. रानातल्या घरट्यातून अंडी उचलणे किंवा घरट्याला त्रास देणे हेही या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसते. शिक्षा किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैदेची आहे. दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये झाला आहे. पांढरा मोर ही निराळी जात नसून भारतीय मोराचाच एक रंगभेद आहे, म्हणून "पांढऱ्याला चालते" असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. कोणी मोराची अंडी देऊ करीत असेल, तर एक तर ती चोरीची आहेत किंवा ती मोराची नाहीतच. दोन्ही बाबतीत हा सौदा आपला नव्हे.

दर्ग्यातील मोरचेल बनवणारे, मोरपिसांचे पंखे व सजावटीच्या वस्तू करणारे कारागीर आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपोआप गळून पडलेल्या शेपटीच्या पिसांना आणि त्यांच्या वस्तूंना देशांतर्गत व्यापारात कायद्याने सवलत आहे, निर्यातीला मात्र बंदी आहे. मोर मारून काढलेल्या पिसाला कोणतीही सवलत नाही. ज्याला जिवंत मोर पाहायचे असतील त्याने पुणे जिल्ह्यातील मोराची चिंचोली किंवा बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्य पाहावे.

इंग्लंड-अमेरिकेत मोर पाळण्यास परवानगी आहे आणि तिथे घरोघरी हौसेने मोर पाळणारे पुष्कळ आहेत. त्यांचीही नेहमीची तक्रार हीच असते की लांडोर अंडी देते पण पिले निघत नाहीत. कारणे शोधू गेल्यास तीच निघतात. नर तीन वर्षांचा झालेला नसतो, एका नरामागे चार-पाचांपेक्षा जास्त माद्या असतात, खाणे निकृष्ट असते किंवा अंडी फार दिवस ठेवलेली असतात. मोर आणि कोंबडी एकाच कुळातले पक्षी. म्हणून मोराचा मोह सोडून तोच अभ्यास आपण कायदेशीर पक्ष्यांवर करू. गावठी कोंबडी, कडकनाथ, टर्की, गिनी फाउल आणि बदक हे पक्षी घरगुती प्रमाणावर जमण्यासारखे आहेत.

फलित अंडे म्हणजे काय

पहिला गैरसमज दूर करू. अंडे देण्यासाठी कोंबडीला नराची गरज नसते. बाजारात ट्रेमध्ये मिळणारी पांढरी अंडी पिंजऱ्यातील कोंबड्यांची असतात आणि त्या पिंजऱ्यांत नर नसतोच. अशी अंडी कितीही उबवली तरी त्यातून पिलू निघणार नाही. दुकानातील अंडी आणून कोंबडी बसवणारे लोक अजूनही आढळतात, म्हणून हे लिहावे लागते.

पिवळा बलक अंडाशयातून सुटला की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच फलन व्हावे लागते. नंतर त्यावर पांढऱ्याचे थर चढतात, पडदा येतो आणि शेवटी कवच. कवच तयार होण्यासच सुमारे वीस तास जातात. या सर्व प्रवासाला एक दिवसापेक्षा थोडा अधिक काळ लागतो आणि तेवढ्या वेळात फलित अंड्यातील जीवाची वाढ सुरूही झालेली असते. म्हणजे कोंबडीने घातलेले फलित अंडे हे काम चालू होऊन थांबलेल्या मागासारखे आहे. धागा तुटू न देता तो थांबवून ठेवणे आणि योग्य वेळी पुन्हा चालू करणे एवढेच आपल्या हातात असते.

कोंबडीच्या शरीरात नराचे बीज साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यामुळे नर काढून घेतल्यावरही सुमारे दोन आठवडे फलित अंडी येऊ शकतात. पहिल्या आठवड्यानंतर त्यांचे प्रमाण घटत जाते. टर्कीच्या मादीत ही साठवण याहून बराच जास्त काळ टिकते. यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. नवा नर सोडल्यावर आठ-दहा दिवसांनंतरचीच अंडी उबवणीसाठी धरावीत. आणि नर बदलून शुद्ध जातीची पिले हवी असतील तर जुना नर काढून किमान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर जुन्या नराची पिले नव्या नराच्या नावावर विकली जातील.

अंडे फोडून पाहिल्यास बलकावर एक पांढरट ठिपका दिसतो. तो वांझ अंड्यात लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडांचा असतो. फलित अंड्यात तो मोठा, गोल आणि मध्यभागी उजळ अशा कड्यासारखा दिसतो. रोजच्या स्वयंपाकात फोडलेल्या अंड्यांवर हा ठिपका पाहण्याची सवय घरच्या बायकांनी लावून घेतली तर एक रुपया खर्च न करता कळपाची तपासणी होते. पाच-सहा अंड्यांत सगळीकडे भरीव ठिपका दिसला तर उबवणीला अंडी घालण्याआधी नराकडे लक्ष द्यावे. बलकावरचा रक्ताचा थेंब मात्र फलनाची खूण नव्हे. तो नर नसलेल्या कोंबडीच्या अंड्यातही असू शकतो.

नर, मादी आणि खुराक

नर-मादीचे प्रमाण जातीनुसार असे ठेवावे:

गावठी व हलक्या जातीच्या कोंबड्या: एका नरामागे आठ ते दहा.
जड जातीच्या कोंबड्या: एका नरामागे सहा ते आठ.
बदक: एका नरामागे पाच-सहा.
गिनी फाउल: एका नरामागे चार-पाच.
टर्की: घरगुती कळपात एका नरामागे पाच-सहा.

माद्या जास्त झाल्या तर काहींची अंडी वांझ राहतात. नर जास्त झाले तर ते आपसात भांडतात, माद्यांच्या पाठी सोलतात आणि तरीही अंडी वांझच निघतात. वीस कोंबड्यांत दोन नर पुरेत. नराचे वय सात-आठ महिन्यांपेक्षा कमी नसावे. दोन वर्षांनंतर त्याचा जोम उतरू लागतो. लंगडा, अतिचरबी धरलेला किंवा नख्या वाढलेला नर दिसायला कितीही रुबाबदार असला तरी कामाचा नाही. एकाच घरातील भावंडांची पिढ्यान्पिढ्या जोडी लावत राहिल्यास अंडी दिसतात पण पिले अंड्यातच मरतात. म्हणून दर वर्ष-दीड वर्षाने नर बाहेरून आणावा.

खाण्याच्या बाबतीत खरकटे आणि तांदळाची कणी यावर कोंबडी जगते, अंडीही देते, परंतु अंड्यात पिलू घडवण्यासाठी लागणारा माल त्यात नसतो. जीवनसत्त्व ए, ई, बी-२ आणि सेलेनियम कमी पडल्यास फलन घटते किंवा पिलू मध्येच मरते. कॅल्शियम कमी पडल्यास कवच पातळ होते. पैदाशीच्या कोंबड्यांसाठी वेगळे खाद्य मिळते, त्यालाच ब्रीडर मॅश म्हणतात. तो न मिळाल्यास लेअर मॅशसोबत जीवनसत्त्वांची पूड, हिरवा चारा, शेवग्याचा पाला आणि शिंपल्यांचा चुरा द्यावा. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका स्वस्तात मिळतो. तो मुळीच घेऊ नये. त्या बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतात जाते आणि अंड्यातही उतरते.

उजेड आणि उष्णता यांचाही परिणाम आहे. पैदाशीच्या पक्ष्यांना दिवसाचा व दिव्याचा मिळून चौदा ते सोळा तास उजेड हवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा पस्तीसच्या पुढे गेला की नर सुस्तावतात, मादी खाणे कमी करते आणि वांझ अंडी वाढतात. पत्र्यावर गोणपाट टाकून ते ओले ठेवावे, दुपारी गार पाणी बदलावे आणि शक्य असल्यास मोठी उबवणी हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावी. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हे महिने सर्वांत सोयीचे.

अंडी गोळा करणे आणि ठेवणे

आमच्या माहितीत सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होते आणि याच टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कोंबडी उत्तम, नर उत्तम, खाद्य उत्तम आणि अंडी मात्र पंधरा दिवस स्वयंपाकघरातील फडताळात, चुलीशेजारी! थांबलेला माग अर्धवट चालू होतो, पुन्हा थांबतो आणि धागा तुटतो. अंड्यातील जीव वीस-एकवीस अंशांच्या वर गेला की हलके-हलके वाढू लागतो. पुरेशी ऊब नसल्याने ही वाढ वेडीवाकडी होते आणि जीव मरतो. पुढे अंडे तपासताना ते स्वच्छ दिसते आणि आपण दोष नराला देतो.

नियम साधे आहेत. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत. पंधरा ते अठरा अंशांच्या जागी, निमुळता भाग खाली ठेवून, शक्यतो सात दिवसांच्या आत उबवणीला घालावीत. त्यानंतर प्रत्येक दिवसागणिक पिलांचे प्रमाण घटते. फ्रिजच्या आतील चार-पाच अंशांची थंडी घातक आहे, तिथे ठेवलेले अंडे उबवणीसाठी धरू नये. हिवाळ्यात आणि कोरड्या हवेत दोन मातीच्या भांड्यांचा उपाय चालतो. मोठ्या माठात ओली वाळू घालून मध्ये लहान मडके बसवावे, मडक्यात कोरड्या तुसावर अंडी ठेवावीत आणि वर ओले बारदान टाकावे. हवा दमट असताना या माठाची गारवा देण्याची ताकद कमी होते. तेव्हा अंडी साठवण्याऐवजी तीन-चार दिवसांतच बसवणे बरे.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यावर नैसर्गिक लेप असतो. थंड पाण्याने धुतल्यास लेप जातो आणि घाण आत ओढली जाते. किंचित मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे, जास्त घाण असेल ते स्वयंपाकाला द्यावे. फार लहान, फार मोठे, खडबडीत किंवा तडा गेलेले अंडे बसवू नये. प्रवासातून आलेली अंडी लगेच बसवू नयेत, बारा ते चोवीस तास स्थिर ठेवून मगच बसवावीत. लोकलच्या गर्दीतून किंवा मोटरसायकलच्या डिकीतून आलेल्या अंड्यांना याची विशेष गरज असते. लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते या समजुतीला आधार नाही.

खुडूक कोंबडी की यंत्र?

दहा-बारा अंड्यांसाठी खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीसारखे यंत्र नाही. टोपलीत कोरडे गवत किंवा तूस पसरावे, उवा-गोचीड नाहीत हे पाहावे, जागा अंधारी व शांत निवडावी आणि सर्व अंडी एकाच दिवशी द्यावीत. रोज एक-एक अंडे वाढवत गेल्यास पिले वेगवेगळ्या दिवशी फुटतात आणि कोंबडी पहिली पिले घेऊन उठते, उरलेली अंडी थंड पडतात.

दिवसांचा हिशेब पक्का ठेवावा. कोंबडीचे अंडे एकवीस दिवस घेते. गिनी फाउल सव्वीस ते अठ्ठावीस, टर्की आणि साधे बदक अठ्ठावीस, तर मस्कोव्ही बदक सुमारे पस्तीस दिवस. टर्कीची अंडी कोंबडीखाली द्यायची असतील आणि सोबत कोंबडीचीही हवी असतील, तर कोंबडीची अंडी सात दिवसांनंतर ठेवावीत, म्हणजे दोन्ही एकदम फुटतील.

यंत्रात पंखा असल्यास उष्णता ३७.५ ते ३७.८ अंश ठेवावी. बिनपंख्याच्या साध्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ती एखादा अंश जास्त लागते. एका अंशाची चूक तीन आठवडे चालली तर पिले लंगडी निघतात किंवा निघतच नाहीत, म्हणून यंत्रावरील आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा चांगला थर्मामीटर ठेवावा. आर्द्रता पहिले अठरा दिवस पन्नास ते साठ टक्के आणि शेवटचे तीन दिवस सत्तरच्या आसपास हवी. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की पेटीत पाण्याची वाटी ठेवावीच असे नाही. याची खात्री वजनावरून करता येते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे बारा टक्के घटले पाहिजे. पन्नास ग्रॅमचे अंडे चव्वेचाळीसच्या आसपास यावे. फारच कमी घटले तर ओलावा जास्त आहे आणि पिलू आत गुदमरेल. फार घटले तर पडदा सुकून पिलाला चिकटेल.

अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत, अठराव्या दिवसापासून फिरवणे बंद करावे. फिरवण्याची संख्या विषम ठेवल्यास रोजची लांब रात्र अंडे एकाच कुशीवर काढत नाही. वीज गेल्यास पेटी उघडून पाहू नये. वरून जाड चादर टाकावी, तास-दोन तासांनी फारसे बिघडत नाही.

सातव्या दिवसाची तपासणी

आम्ही टेंभी नाक्यावर कापडाचा व्यापार करतो. भिवंडीहून आलेले ग्रे कापड उजेडासमोर धरल्याशिवाय घेण्याचा आमच्या धंद्यात दस्तूर नाही. वरून थान कोरे करकरीत दिसते. उजेडासमोर धरले की जाळी, गाठ आणि तुटलेला ताणा लपत नाही. अंड्याचेही तसेच आहे. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून आत बॅटरी ठेवावी आणि अंड्याचा रुंद भाग भोकाला लावावा. सातव्या दिवशी तीन प्रकार दिसतील.

१) मध्ये काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या लाल शिरा: जिवंत पिलू.
२) आतून गोल लाल कडे, शिरा नाहीत: फलित होते, पण सुरुवातीलाच मेले.
३) सर्वत्र स्वच्छ, फक्त बलकाची सावली: वांझ, किंवा पहिल्या एक-दोन दिवसांतच मेलेले.

तिसऱ्या प्रकारातील अंडी फेकून देण्यापूर्वी एक-दोन फोडून ठिपका पाहावा. भरीव ठिपका असेल तर दोष नर, प्रमाण किंवा खाद्यात आहे. ठिपक्याची वाढ सुरू होऊन थांबलेली दिसली तर दोष साठवणीत आहे. दोन्ही वेळा डोळ्यांना दिसते ते एकच, स्वच्छ अंडे. उपाय मात्र अगदी वेगळे. नर बदलण्यावर पैसे घालायचे की अंडी ठेवण्याची जागा बदलायची, हे त्या एका ठिपक्यावरून ठरते. गावठी अंड्याचे कवच तपकिरी असल्याने बॅटरी जोरकस घ्यावी. अठराव्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे आणि मेलेली अंडी काढून टाकावीत, नाहीतर एखादे फुटून सर्व पेटी नासवते.

वहीचा हिशेब

समजा, पन्नास अंडी बसवली. सातव्या दिवशी आठ स्वच्छ निघाली आणि ती फोडल्यावर वांझच ठरली. म्हणजे फलित बेचाळीस, फलनाचे प्रमाण ८४ टक्के. पुढे तीस पिले निघाली. एकूण अंड्यांवर पिलांचे प्रमाण ६० टक्के झाले, पण फलित अंड्यांवर ते ७१ टक्के. आता पाहा. चांगल्या कळपात शंभरातली ऐंशी ते नव्वद अंडी फलित निघावीत. म्हणजे या घरात नर ठीक आहे, नुकसान उबवणीत आहे. हेच जर पन्नासांत वीस वांझ निघाली असती आणि उरलेल्या तिसांतून सव्वीस पिले आली असती, तर यंत्र उत्तम आणि दोष कळपात, असे म्हणावे लागले असते.

वहीत प्रत्येक खेपेला सहा रकाने पुरतात: अंडी बसवल्याची तारीख, अंडी किती दिवसांची, एकूण अंडी, सातव्या दिवशी वांझ, मध्येच मेलेली, निघालेली पिले. चार खेपा लिहिल्या की आपल्या घरचा आकडा आपल्याला पाठ होतो. धंद्यात भांडवल म्हणावे ते हेच.

विक्रीतील इमान

उबवणीचे अंडे खाण्याच्या अंड्यापेक्षा कितीतरी महाग विकले जाते. घेणारा अंड्याची किंमत देत नसतो, त्यातील पिलाच्या आशेची किंमत देत असतो. ही आशा खरी की खोटी हे कवचावरून दिसत नाही, आणि विक्रेत्याला माहीत असून तो गप्प राहतो तेव्हा बिघाड होतो. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतील ओल पाहिली आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्या विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. वांझ अंडे ही कवचाखालची ओलच आहे.

शरीअतमध्ये ज्या सौद्यात मालाचे असणे-नसणेच अनिश्चित असते त्याला गरर म्हणतात. पोटातले पिलू किंवा हवेतला पक्षी विकण्यास मनाई आहे ती यामुळेच. उबवणीच्या अंड्याचा मसला कसा हे उलेमांना विचारावे. व्यापारी म्हणून आम्ही एवढेच सांगतो की सौदा स्वच्छ ठेवण्याचे तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, अंडे अंडे म्हणूनच विकावे, त्यावर घातल्याची तारीख पेन्सिलने लिहावी आणि मागील खेपांचे फलनाचे प्रमाण खरिदाराला वही उघडून दाखवावे. दुसरा, सातव्या दिवशी तपासून वांझ ठरलेल्या अंड्यांच्या जागी दुसरी देण्याचे आधीच ठरवावे. तिसरा आणि सर्वांत निर्धोक, पिलेच विकावीत. त्यात मेहनत अधिक, पण वादाला जागा नाही.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातून चाललेली कडकनाथ कोंबडीची योजना कोसळली. पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे आश्वासन होते. खरेदी थांबली आणि राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे पैसे अडकले, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. कडकनाथ हा मध्य प्रदेशातील झाबुआचा अस्सल पक्षी आहे, त्यात खोट नव्हती. खोट अशा बाजारात होती जिथे अंडी खाणारा खरिदार कुठेच नव्हता, फक्त पुढचा गुंतवणूकदार होता. अंड्याला बाजारभावाच्या अनेक पट किंमत देण्याची हमी कोणी देत असेल तर एकच प्रश्न विचारावा: शेवटी हे अंडे खाणार कोण? आणखी एक गोष्ट, कडकनाथचे मांस काळे असते, अंडे मात्र फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे असते. काळे अंडे दाखवणारा रंगारी समजावा.

आजार आणि चौकशीची ठिकाणे

बाहेरून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात आणि पुढे ठरल्या वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. हा रोग आला तर महिन्याभराची मेहनत दोन दिवसांत संपते. बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात आला तेव्हा तो दूरचा वाटला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आढळला. पक्षी एकाएकी मरू लागले तर ते लपवून विकू नयेत, खाऊ नयेत, पशुसंवर्धन खात्याला कळवावे. शहरातील चाळ किंवा सोसायटीत खुराडे बांधण्यापूर्वी महापालिकेच्या नियमांची चौकशी करावी आणि शेजाऱ्यांना विचारावे. घाण व आवाज यांचा त्रास शेजाऱ्याला देऊन मिळवलेल्या पैशात बरकत नसते.

सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकीला, तसेच कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. मुंबईत गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. सुधारित जातीची पिले, प्रशिक्षण आणि सल्ला यासाठी आधी या दारांवर जावे, मग खाजगी दलालाकडे. सुधारित संकरित जातीची पिले घेताना ध्यानात ठेवावे की त्यांच्या अंड्यांतून आई-बापांचे सर्व गुण पुढच्या पिढीत उतरत नाहीत. त्या कोंबड्या अंडी व मांस यासाठी चांगल्या, स्वतःची पैदास वाढवण्यासाठी नव्हेत.

सुरुवात लहान करावी. एक निरोगी नर, आठ गावठी कोंबड्या, एक खुडूक बसणारी, एक बॅटरी आणि एक वही. पहिल्या चार खेपा विक्रीसाठी नसून शिकण्यासाठी आहेत असे समजावे. आपल्या घरचे फलनाचे प्रमाण सलग चार वेळा ऐंशीच्या वर राहिले की मगच यंत्राचा खर्च करावा, टर्की-गिनी फाउल आणावेत आणि उबवणीच्या अंड्यांची पाटी दारावर लावावी. त्या पाटीवर भावाच्या शेजारी आपल्या वहीतला आकडाही लिहावा. भाव इतरांकडेही मिळतो. खरा आकडा सांगणाऱ्याकडे मात्र खरिदार पुन्हा येतो आणि आपल्या भावालाही घेऊन येतो.